कागदावर सहा

वाचकाचं पत्र (जागेसाठी थोडं आटोपशीर करून, ओळख पटेल असे तपशील बदलून):

"मी ४१ वर्षांची. बडोद्यात दांडिया बाजारात राहते, एका शाळेत हिशेबाचं काम बघते. दीड वर्षापूर्वी माझे वडील गेले. तेव्हापासून झोप उडाली, कशात जीव रमेना. फॅमिली डॉक्टरांच्या सांगण्यावरून कारेलीबागेतल्या एका काउन्सेलर बेनकडे दर गुरुवारी जाते. चौदा वेळा जाऊन झालं. बेन स्वभावाने फार चांगल्या आहेत. आत जायच्या आधी बाहेरच्या बाकावर बसून एक कागद भरायचा असतो. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३. पहिल्या दिवशी माझी बेरीज १६ आली होती, हल्ली ६ येते. खरं सांगायचं तर ती सहा मी आणते. परवा झोपेच्या प्रश्नाला आधी ३ लिहिलं होतं, मग खोडून १ केलं. बेन इतक्या आपुलकीने बोलतात, दर वेळी काय तेच रडगाणं लिहायचं, असं वाटतं. शिवाय कागद त्या नुसता बघतात आणि फाइलला लावतात, त्यावर कधी बोलत नाहीत. परवा मात्र म्हणाल्या, 'बहु सरस, आता पंधरा दिवसांनी आलात तरी चालेल.' माझ्या पोटात गोळाच आला. रात्रभर जागी होते. मिस्टर म्हणतात, पैसेही आपण द्यायचे आणि परीक्षाही आपणच द्यायची, हे कुठलं? आता खरं सांगू का? की गुपचूप दुसरीकडे जाऊ? आणि या कागदाचा खरंच काही उपयोग असतो का?"

प्रिय ताई,

सगळ्यात आधी नवव्या प्रश्नाचं. झोपेबद्दल तुम्ही लिहिलंत, जीव न रमण्याबद्दल लिहिलंत, पण त्या नवव्या प्रश्नाबद्दल पत्रात एक अक्षर नाही. मरून गेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावी असं मनात येतं का, हे विचारणारा तो प्रश्न. तिथे तुमचं शून्य खरं शून्य आहे, की तिथेही बेनचं मन राखलंय, हे मला इथे बसून कळायला मार्ग नाही. मनात तसं काही येत असेल तर गुरुवारची वाट बघू नका. बेनना आजच फोन करा, घरात एका माणसाला सांगा, आणि १४४१६ या नंबरावर बोला. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास. हे तुम्हाला पत्र आलं त्याच दिवशी कळवलं होतं. इथे पुन्हा लिहितेय ते बाकीच्यांसाठी.

आता त्या सहाचं.

आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायची पद्धत नाही. आणखी काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून पाठवतो. तुम्ही बेनच्या बाबतीत नेमकं हेच करताय. त्या आपुलकी देतात, तुम्ही परत काय देणार? म्हणून डब्यात बरे आकडे भरून देता. मला यात लबाडी दिसत नाही. त्यातून तुम्ही बडोद्याच्या. 'केम छो?' म्हटलं की 'मजामां' हे उत्तर विचार करायच्या आधी तोंडातून बाहेर पडतं, मग त्या दिवशी घरात काही का घडलेलं असेना. कागदावरचे नऊ प्रश्न म्हणजे नऊ वेळा विचारलेलं 'केम छो' असं समजून तुम्ही भरताय. पण बेननी त्याच मजामांवर विसंबून तुम्हाला पंधरा दिवसांवर ढकललं. इथे साखर घातल्याने डबा बिघडला.

तुमच्या बेनची बाजू घेतेय असं वाटेल, म्हणून माझंच एक सांगते. मीही हेच काम करते. पंधरा वर्षांपूर्वी मी असले कागद वापरत नव्हते. माणसाचा चेहरा मला वाचता येतो, कागद कशाला, अशी घमेंड होती. एक गृहस्थ यायचे. इस्त्रीचा शर्ट, वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर, मी सांगितलेलं सगळं वहीत लिहून घ्यायचे. एकदा घरचा चिवडाही घेऊन आले. त्यांच्या फाइलमध्ये माझ्याच अक्षरात सात महिने 'सुधारणा चांगली' असं लिहिलेलं आहे. मग ते यायचे थांबले. मला वाटलं, बरे झाले. महिन्याभराने त्यांची बायको आली आणि म्हणाली, ते दीड महिना ऑफिसला गेलेलेच नाहीत. सकाळी डबा घेऊन निघतात आणि संध्याकाळपर्यंत कमाटीबागेत बसून परत येतात. म्हणजे माझ्याकडे शेवटचे दोन-तीन वेळा आले तेही बागेतूनच. मला ओ की ठो कळलं नव्हतं. नंतर दोघांनी मिळून ते निस्तरलं, पण ती फाइल मी अजून फाडलेली नाही.

ही माझ्या एकटीची चूक असती तर इथे लिहिली नसती. अमेरिकेत थेरपिस्टांना विचारून पाहिलं, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी शेवटी कोणाची तब्येत आणखी बिघडेल असं वाटतं? २००५ साली तो अभ्यास छापून आला. माणसं होती ५५०, त्यातली ४० खरोखर बिघडली. थेरपिस्टांनी बोट ठेवलं होतं तिघांवर, आणि त्या तिघांतला एकच खरा निघाला. पुढे २०१२ मध्ये अशाच १२९ व्यावसायिकांना स्वतःला गुण द्यायला सांगितले, तर स्वतःला सरासरीपेक्षा खाली मोजणारा एकही निघाला नाही. आम्हा लोकांचं हे असं असतं. समोरचा रडायचा थांबला की आम्हाला वाटतं आपल्याला यश आलं.

म्हणून कागद. तुम्ही भरता त्या नऊ प्रश्नांच्या कागदाला पीएचक्यू-९ म्हणतात. तो २००१ पासून वापरात आहे आणि छापून वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. बेरीज ० ते २७. पाचच्या खाली म्हणजे जवळपास काही नाही, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ बरंच, २० पासून पुढे तीव्र. तुम्ही १६ वर सुरुवात केलीत म्हणजे त्रास थोडाथोडका नव्हता. दोन वेळच्या बेरजांत पाचेक गुणांचा फरक पडला तर खरोखर काहीतरी हललं असं धरतात, एक-दोन गुण इकडेतिकडे होतातच. म्हणजे १६ चे ६ हा कागदावर फार मोठा फरक आहे. बेनच्या जागी मीही कदाचित 'बहु सरस' म्हटलं असतं.

पण मी तो खोडलेला ३ बघितला असता. निदान आता तरी बघते. तिथे थांबून विचारलं असतं, "हे का खोडलंत?" त्या एका प्रश्नावर तुमचा सगळा तास गेला असता आणि सत्कारणी लागला असता. ही मात्र तुमच्या बेनची चूक आहे, आणि ती मी झाकणार नाही. कागद भरून घ्यायचा आणि बोलायचं नाही म्हणजे बी.पी. मोजायचं आणि आकडा न सांगता पट्टा गुंडाळून ठेवायचा. आकडा मोजल्याने कोणी बरं होत नाही. तो बघून पुढे काय बदलायचं हे दोघांनी ठरवलं तर फरक पडतो.

या विषयात मायकल लॅम्बर्ट हे मोठं नाव, अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठाचे. त्यांच्या मंडळींची प्रश्नावली ४५ प्रश्नांची आहे. आधी येऊन गेलेल्या हजारो लोकांची वाटचाल बघून त्यांनी साधारण अंदाज बांधला, की इतक्या गुणांवर सुरुवात करणारा माणूस चौथ्या वेळी, आठव्या वेळी कुठे असायला हवा. अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा तक्ता असतो ना, वरची रेघ, खालची रेघ आणि मधून चाललेले टिंब, तसंच. माणूस अपेक्षित वाटेवर असेल तर फाइलवर हिरवी खूण, मागे पडू लागला की पिवळी, फारच भरकटला की लाल. थेरपिस्टला ही खूण दाखवली तर काय होतं, हे त्यांनी २००१ मध्ये मांडलं. जे आधीच बरे होत होते त्यांना खुणेने फारसा फरक पडला नाही, त्यांना थोड्या कमी बैठका लागल्या इतकंच. फरक पडला तो वाट सोडून चाललेल्यांना. इंग्लंडमध्ये २०१८ साली २२३३ रुग्ण आणि ७७ थेरपिस्ट घेऊन हेच पुन्हा पाहिलं. जिथे आलेख मागे पडतोय अशी सूचना मिळत होती आणि अडलेल्या रुग्णाबद्दल वरिष्ठांशी बोललं जात होतं, तिथे मागे पडलेले लोक शेवटी तुलनेने बरे राहिले.

फार मोठी जादू आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर सरासरी फायदा लहानच दिसतो. काही अभ्यासांत तर काहीच हाती लागलेलं नाही. मला त्याचं नवल वाटत नाही, कारण अर्ध्या ठिकाणी कागद तुमच्या बेनसारखे फाइलला लागत असणार आणि उरलेल्या अर्ध्यांत तुमच्यासारखे खोडले जात असणार. (हा माझा तर्क आहे, अभ्यास नव्हे.)

आणि गंमत बघा. ही व्यवस्था ज्यांच्यासाठी केली, म्हणजे वाट सोडून चाललेल्यांसाठी, त्यांतल्या तुम्ही एक. पण तुमच्या कागदावरची खूण हिरवी. तुमची गाडी चुकतेय हे सांगणारी एकच घंटी होती, तिच्यावर तुम्ही हात ठेवलात.

मिस्टरांना सांगा, परीक्षा तुमची नाहीच, झाली तर बेनची आहे. शाळेत तुम्ही हिशेब बघता. महिनाअखेरीस रोकड जुळत नाही म्हणून कोणी आकडा खोडून जुळवला, तर तुम्ही त्याला 'मन राखलं' म्हणाल का?

आता काय करायचं ते. दुसरीकडे आत्ता जाऊ नका. दुसरीकडेही बाक असेल, कागद असेल आणि आपुलकीने बोलणारं कोणीतरी असेल. मग तिथेही सहाच येईल. चौदा बैठकांत तुम्ही बेनना वडिलांबद्दल जे सांगितलंत ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण तुमच्यात असेल असं पत्रावरून तरी वाटत नाही.

आज रात्री जेवणं आटोपली की एक कोरा कागद घ्या आणि तेच नऊ प्रश्न स्वतःसाठी भरा. मागचे दोन आठवडे डोळ्यांसमोर आणा, आजचा दिवस नव्हे. यात बरेच लोक घोटाळा करतात. पर्याय असे वाचा: १ म्हणजे थोडेफार दिवस, २ म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस, ३ म्हणजे जवळजवळ रोज. "थोडी झोप लागते की, म्हणून १" असं नाही. चौदापैकी बारा-तेरा रात्री तुम्ही तीनला जागं होऊन छताकडे बघत पडला असाल, तर ती रात्र कितीही शांत असली तरी ते ३ आहेत. प्रश्न गुजरातीत असतील आणि मनातलं मराठीत येत असेल, तर बेनकडे मराठी कागद मागा, तो मिळतो. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी गुजराती कागदावर सगळीकडे शून्य करायच्या आणि बोलायला लागल्या की "जीव नुसता टांगलेला असतो गं" म्हणायच्या. त्या टांगलेल्या जिवाला कागदावर खणच सापडत नव्हता.

बेरजेखाली तुमचा स्वतःचा एक प्रश्न लिहा. छापील कागदात तुमचे वडील नाहीत. त्यांच्या खोलीत तुम्हाला जाता येतं का? त्यांचा चष्मा अजून तिथेच आहे का? मला माहीत नाही, पण असं काहीतरी असणार जे जमू लागलं तर तुमचं तुम्हाला कळेल की आता बरं आहे. ते एका वाक्यात लिहा आणि त्यालाही ० ते ३ द्या. बेनना ते छापील नवांपेक्षा जास्त सांगून जाईल.

मग बेनना फोन करा आणि पंधरवडा रद्द करून हाच गुरुवार मागा. आत गेल्यावर प्रस्तावना करू नका, नाहीतर 'केम छो'ने सुरुवात होईल आणि तुम्ही परत मजामां व्हाल. बसायच्या आधी कागद पुढे करा आणि म्हणा, "बेन, गेले काही आठवडे मी कागदावर खोटं बरं लिहीत होते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. खरा हा आहे. पंधरा दिवसांचं ऐकून मी घाबरले." एवढंच. तोंडातून निघत नसेल तर हेच कागदाच्या मागे लिहून द्या. अशा वेळी चिठ्ठी देणारे माझ्याकडे कितीतरी आहेत आणि त्यात कमीपणा नाही.

मग बेन काय करतात ते बघा. क्षणभर त्यांचा चेहरा उतरेल. तो उतरू द्या, तो सांभाळणं तुमचं काम नाही. त्यानंतर त्यांनी "बरं झालं सांगितलंत" म्हणून कागद हातात घेतला, एकेका प्रश्नावर थांबल्या, आतापर्यंतचं काय लागू पडलं नाही असं विचारलं, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. तेव्हा आणखी एक गोष्ट मागून घ्या. बैठक संपताना भरायचा एक छोटा कागद असतो, स्कॉट मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. दहा-दहा सेंटिमीटरच्या चार रेघा. आज माझं ऐकून घेतलं गेलं का, मला बोलायचं होतं त्यावरच बोललो का, पद्धत मला मानवतेय का, आणि एकूण कसं वाटलं. प्रत्येक रेघेवर खूण करायची. चाळीसपैकी छत्तीसच्या खाली आलं तर थेरपिस्टने लगेच विचारायचं, काय राहिलं? तिथेही आपले लोक चाळीसपैकी चाळीस देऊन मोकळे होतात. तुम्ही मुद्दाम कुठेतरी दोन कमी द्या आणि का ते सांगा. सवयीसाठी.

बेन दुखावल्या, तुम्हालाच दोष दिला, किंवा कागद पुन्हा न बघता फाइलला लावला, तर मात्र तीन-चार गुरुवारांच्या वर थांबू नका. तेव्हा खुशाल दुसरीकडे जा, आणि जाताना आपल्या नोंदी मागून घ्या. काय लिहिलंय हे बघायचा हक्क तुम्हाला आहे. मिस्टरांना किंवा शाळेत कळेल अशी धास्ती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, तेही बेनना विचारून घ्या.

खरी बेरीज पंधराच्या आसपास निघाली, तर चौदा बैठकांनंतर नुसत्या बोलण्यावर राहणं मला पटत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा, आणि फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घ्या. चाळिशीतल्या बाईची झोप आणि थकवा यांचं खापर दर वेळी दुःखावर फोडू नये. गोळ्या लागल्या तर त्या बेनच्या कामाच्या आड येत नाहीत.

पुढे आकडा वरखाली होईल, तेव्हा दचकू नका. मागे एका मुलीची बेरीज आश्विनात एकदम चढली. झोप ३, थकवा ३, भूक ३. मी घाबरले. विचारलं तर म्हणाली, "नऊ दिवस उपास, आणि रोज गरब्याहून यायला रात्रीचा एक!" तुमच्या बाबतीत कारण वेगळं असेल. पितृपक्षात वडिलांच्या तिथीच्या आठवड्यात बेरीज चढेल, आणि ती चढायलाच हवी. त्या आठवड्यातही तुम्ही सहा लिहून आणलेत तर मला जास्त काळजी वाटेल.

आणि गुरुवारी जाल तेव्हा बेनना मागच्या वेळचा कागद फाइलमधून काढायला सांगा. खोडरबराने कितीही घासलं असलं तरी तो ३ खाली दिसत असेल.